दंडावरचा पट्टा

१

सुभद्राबाईंचं ब्लडप्रेशर मोठं नाटकी होतं. डॉक्टरांपुढं बसल्या की चढायचं आणि घरी येऊन चहा टाकला की उतरायचं. देवासच्या मुलींच्या शाळेत उभी हयात गणित शिकवलेली बाई. असा दोन तोंडांचा आकडा त्यांना सोसवेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "चोवीस तासांचं मशीन लावू. दंडाला पट्टा, कमरेला डबी. दर अर्ध्या तासाला आपोआप मोजेल. घुर्र आवाज आला की हात सैल सोडायचा, एवढंच. बाकी रोजच्यासारखं वागा."

क्लिनिकात मशीन एकच आणि मागणारे ढीगभर. त्यामुळं नंबर लागला तो नेमका नातीच्या डोहाळजेवणाच्या दिवशी.

"पुढची तारीख घ्या," यशवंतराव बायकोला म्हणाले.

"कशाला? घरच्या कार्यात जे चढतं तेच खरं प्रेशर. एकदा कळू दे डॉक्टरांना."

सकाळी क्लिनिकचा माणूस घरी आला. त्यानं मशीन चालू केलं, पट्टा उलगडला, आणि सुभद्राबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"आंटीजी, कहाँ ले चलीं?"

"एक मिनट, भिया. हमारे घर का कायदा है."

कायदा असा होता. सुभद्राबाई यशवंतरावांना दुसरेपणावर दिलेल्या. पहिल्या सगुणाबाई बाळंतपणात गेल्या, आणि त्यांचा टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उमटवलेली बोटभर मूर्ती, देवघरात बसला. अंगावर चढणारी कुठलीही नवी वस्तू, लुगडं असो की चष्मा, आधी थोरलीला द्यायची आणि मग धाकटीनं घालायची. सासूबाईंनी हे लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं आणि सुभद्राबाईंनी आजवर ते एकदाही मोडलं नव्हतं. भुताखेतांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण सवय विश्वासाहून चिवट असते.

त्यांनी पट्टा टाकाभोवती गुंडाळला. "घ्या थोरल्या बाई, आधी तुमचा मान."

घुर्र झालं. पट्टा फुगला, टाकाला आवळून बसला आणि हळूहळू उतरला.

"ऐसे में तो एरर आएगा," असं म्हणत त्या माणसानं डबीकडं पाहिलं, मग ती डोळ्यांजवळ धरली.

"आया क्या एरर?"

"नहीं आंटीजी. रीडिंग आई है." त्यानं डबी तळहातावर दोनदा आपटली. "और बहुत हाई है."

"थोरल्या बाईंनाही डॉक्टर सोसत नाहीत म्हणायचे," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि पोट धरून हसल्या. त्या माणसाला हसू आलं नाही. त्यानं आकडा पुसला आणि पट्टा त्यांच्या डाव्या दंडाला बांधला. त्यांचा स्वतःचा पहिला आकडा अगदी शहाण्या मुलीसारखा आला.

२

भाड्याची गाडी धारकडं निघाली. पुढं यशवंतराव, मागं सुभद्राबाई आणि त्यांच्या मांडीवर अनारशांचा डबा. हिवाळ्याचं ऊन होतं, दोन्हीकडं हरभरा हिरवागार उभा होता, आणि सुभद्राबाईंचा जीव आनंदानं नुसता उतू जात होता. घुर्र झालं की त्या हात सैल सोडायच्या आणि पुढून यशवंतराव ड्रायव्हरला म्हणायचे, "भिया, रेडिओ धीमा करो, सरकारी तपासणी सुरू आहे."

धारला त्यांचा मुलगा वीरेंद्र राहायचा. तो पोटचा सगुणाबाईंचा. सुभद्राबाई या घरात आल्या तेव्हा तो रांगत होता. त्याला वाढवता वाढवता स्वतःचं मूल राहूनच गेलं, आणि त्याची खंतही त्यांना कधी वाटली नाही. श्रिया ही त्याची एकुलती एक लेक, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नाकीडोळी हुबेहूब सगुणाबाई, असं जुनी माणसं म्हणायची. सुभद्राबाईंना ते ऐकायला एरवी फार आवडायचं. या महिन्यात मात्र अजिबात आवडत नव्हतं.

कारण सगुणाबाई आठव्या महिन्यातच गेल्या होत्या, आणि श्रियाला आठवाच चालू होता. लोहारद्याच्या शेतावरच्या घरात त्यांचे आधी पाय सुजले, मग डोकं दुखलं, मग झटके आले. असं होतंच, असं बायका म्हणत राहिल्या. प्रेशर मोजायचं यंत्र चार कोसांत नव्हतं. मूल तेवढं वाचलं. त्या वेळची सुईण पुढं सुभद्राबाईंना सांगायची, पोरीला धरायला जवळचं माणूस नव्हतं, शेवटी खाटेचा पायच धरून होती. श्रिया यातून सुखरूप पार पडावी, एवढं एकच मागणं आता सुभद्राबाईंचं होतं. बाकी सगळं देवानं न मागता दिलं होतं.

बेटमा मागं पडलं आणि श्रियाचा फोन आला.

"आजी, कहाँ तक आये? मला इतकी भूक लागली आहे, आणि आई म्हणते पहले पूजा."

"तुझ्या आईला सांग, पोटातलं बाळ पूजेआधी जेवतं. असं शास्त्र आहे."

"कौनसा शास्त्र?"

"माझं."

तेवढ्यात दंडाभोवती पट्टा आवळला. सुभद्राबाईंनी सवयीनं हात सैल सोडला. पट्टा थोडा वेळ तसाच राहिला आणि मग सुटला. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की या वेळी घुर्र झालंच नव्हतं.

रस्त्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, त्यांनी ठरवलं. पण मग जरा वेळानं, नेमक्या वेळेवर, ठणठणीत घुर्र झालं आणि पट्टा पुन्हा फुगला. गणिताच्या बाईंनी दोन्ही मनातल्या मनात ताडून पाहिलं. त्यांतलं एक जास्तीचं होतं.

३

मांडव रोडच्या कॉलनीतलं वीरेंद्रचं घर माणसांनी फुललं होतं. गच्चीवर तुपात बुडवायचे कणकेचे बाफले शिजत होते, जिन्यापर्यंत तुपाचा वास आला होता. कुणी कढईत गराडूच्या कंदाचे तुकडे तळत होतं आणि तळलेले गराडू ताटापर्यंत पोचायच्या आतच संपत होते. हॉलच्या मधोमध फुलांनी मढवलेला झोपाळा, झोपाळ्यावर हिरव्या साडीत श्रिया, अंगभर फुलांचे दागिने. तिचा नवरा मयुरेश समोर मोबाइल धरून उभा, आणि सगळ्या बायका त्याला फोटो कसा काढावा ते शिकवत होत्या.

श्रियापुढं दोन झाकलेल्या वाट्या आल्या. तिनं एक उघडली, बर्फी निघाली. "लड़की," सगळ्या एकदम ओरडल्या. श्रियानं पुढचा विचार न करता ती बर्फी खाऊन टाकली, आणि हॉल हसून हसून बेजार झाला.

"आईसाहेब, पहिली ओटी तुमची," सून माधवी म्हणाली.

सुभद्राबाई झोपाळ्याजवळ गेल्या. ओंजळीत तांदूळ घेऊन वाकल्या, आणि पट्टा आवळला. आवाज नाही. डबी कमरेला गप्प होती. पण दंडावरची पकड अशी बसली की ओंजळ उघडली आणि तांदूळ श्रियाच्या पायांवर सांडले.

दोघी-तिघी वाकून तांदूळ वेचू लागल्या. मग माधवीच हसून म्हणाली, "मशीन आहे ना हाताला. राहू द्या, दुसरे घ्या."

दुसरे घेतले. या वेळी सुभद्राबाईंनी नुसत्या उजव्या हातानं ओटी भरली. डावा हात त्यांनी पाठीमागं नेला होता. तिथं, कुणाला दिसणार नाही असा, पट्टा त्याला सोडायला तयारच नव्हता.

४

घाबरलेल्या माणसापुढं दोन वाटा असतात, पळायची आणि पडताळायची. सुभद्राबाईंनी पडताळायची घेतली.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. पट्टा सैल झाला. त्यांनी एक गराडू खाल्ला, हॉलच्या दाराशी आल्या. पट्टा हलकेच आवळला. झोपाळ्यापाशी गेल्या, घट्ट. गच्चीवर गेल्या, सैल. लपवलेली वस्तू शोधताना पोरं गरम, थंड म्हणत एकमेकांना वाट दाखवतात, तसाच प्रकार चालला होता. पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारीच्या पायाला भिंगरी लागली आहे.

"आजी, तुम चैन से बैठती क्यों नहीं?" मयुरेशनं विचारलं.

"पचनासाठी," सुभद्राबाई म्हणाल्या.

मशीन बिघडलं असेल, असं म्हणून पाहिलं. पण बिघडलेल्या मशीनला श्रिया कुठं बसली आहे हे कळत नाही. मनाचे खेळ असतील, असंही म्हणून पाहिलं. पण मनाच्या खेळानं पट्ट्याच्या कडेखाली लाल वळ उठत नाहीत, आणि ते उठले होते.

मग जो विचार सकाळपासून दाराबाहेर उभा होता तो आत आला. मान तर आपणच दिला होता. आधी तुम्ही, असं म्हटलं, आणि थोरलीनं तो घेतला. तिचा मुलगा आपण घेतला, त्याच्या तोंडची आई ही हाक घेतली, आता तिच्या नातीची पहिली ओटीही भरायला निघालो. कुठल्या बाईनं हे सोसावं? आणि ती रागावली असेल, तर तो राग कुणावर निघेल? हा प्रश्न मनात आला आणि हॉलमधल्या हसण्याचा आवाज सुभद्राबाईंना ऐकू येईनासा झाला.

आपण श्रियापासून लांब राहायचं, त्यांनी ठरवलं. कार्य होईपर्यंत तिच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

५

मागच्या खोलीत पाहुण्यांच्या शाली आणि पिशव्या पडल्या होत्या. सुभद्राबाई पलंगाच्या कडेला बसल्या आणि दार लोटून घेतलं. बाहेर बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं होतं. निम्म्या जणींना शब्द येत नव्हते, त्या नुसत्या सुरात सूर मिळवत होत्या.

"आले की लांब," त्या हळूच म्हणाल्या. "आता सोडा."

पण पट्टा सुटला नाही. इतका वेळ नुसता आवळत होता, तो आता ओढू लागला. डावा हात मांडीवरून उचलला गेला आणि दाराकडं ताठ झाला. सुभद्राबाईंनी पलंगाची कड धरली.

दार उघडलं. श्रिया आत आली, फुलांचा मुकुट हातात काढून घेतलेला.

"आजी, रुसलीस का माझ्यावर? कब से ढूँढ रही हूँ."

"नाही गं बाळा."

"मला जरा पडू दे इथं. सकाळपासून डोकं फुटतंय. आईला सांगू नको, ती उगाच फंक्शन थांबवेल." ती शालींवरच आडवी झाली. "आणि आँखों के सामने काहीतरी चमकतंय. फुलांमुळं होत असेल, ना?"

सुभद्राबाईंनी तिच्या पायांकडं पाहिलं. पैंजण कातडीत रुतले होते.

त्याच वेळी दंडावरची पकड थरथरू लागली. मशीन असं थरथरत नाही. सुभद्राबाईंचा हातही थरथरत नव्हता. ती थरथर धरणाऱ्याची होती, आणि ती त्यांना हाडापर्यंत जाणवली. शाळेत पहिल्या दिवशी आलेली पोर बाईंचा हात असाच धरते, हे त्यांना ठाऊक होतं. रागावलेलं माणूस असं धरत नाही. असं धरतं ते घाबरलेलं माणूस.

"ऊठ," सुभद्राबाई म्हणाल्या.

६

खरं सांगितलं असतं तर अर्धा तास वाद झाला असता. काल पाय सुजलेच होते, डॉक्टर सोमवारी बघणारच आहे, पंगत बसायची वेळ झाली आहे. ही सगळी वाक्यं त्यांना आधीच ऐकू येत होती. म्हणून त्या हॉलच्या मधोमध येऊन झोपाळ्याच्या कडीला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वीरेंद्र, मला चक्कर येते आहे. छातीत कसंसंच होतंय."

एवढं पुरलं. सकाळपासून सगळे त्या पट्ट्याकडं भीतीनं पाहतच होते. वीरेंद्र अनवाणीच गाडीकडं धावला.

"श्रिया माझ्याबरोबर येईल."

"आईसाहेब, तिला कशाला? तिचंच तर कार्य आहे," माधवी म्हणाली.

"ती येणार नसेल तर मी इथंच बसते."

आयुष्यात कधी हट्ट न केलेल्या बाईनं हट्ट केला की घर तो मुकाट्यानं पुरवतं. गाडीत मशीननं घुर्र केलं. यशवंतरावांनी चष्मा चढवून डबीत डोकावून पाहिलं.

"अहो, आकडा तर चांगला आहे तुमचा."

"तुम्ही गप्प बसा," सुभद्राबाई म्हणाल्या.

नर्सिंग होम जवळच होतं, आणि श्रियाला पहिल्यापासून पाहणाऱ्या डॉक्टरीणबाई तिथंच होत्या. त्यांनी सुभद्राबाईंना खुर्ची दिली आणि पट्ट्याला हात घातला.

"माझं नको," सुभद्राबाई म्हणाल्या. "हिचं मोजा."

"आजी, मी तर ठीक आहे."

"मोजा."

डॉक्टरीणबाईंनी हसत हसत मोजलं. मग न हसता पुन्हा मोजलं. मग नर्सला हाक मारली, आणि त्या हाकेत सगळं कळलं. श्रियाच्या अंगावरची फुलं भराभरा उतरवली गेली.

"इंजेक्शन देकर अभी ऑपरेशन करना पड़ेगा," त्या वीरेंद्रला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आप लोग वक़्त पर ले आए. पंगत में बैठी रहती तो..."

७

दुपारचं ऊन व्हरांड्याच्या फरशीवर पसरलं होतं. ऑपरेशनच्या खोलीचं दार बंद होतं. बाकावर सुभद्राबाई, शेजारी वीरेंद्र. माधवी आणि मयुरेश दाराला चिकटून उभे. यशवंतराव खिडकीशी पाठमोरे होते. त्यांनी हे दार एकदा पाहिलेलं होतं, दुसऱ्या गावी, दुसऱ्या लाकडाचं.

घुर्र झालं. आतून एक नर्स बाहेर आली आणि म्हणाली, "अम्माजी, ये आवाज़ बंद करवाओ." वीरेंद्रनं डबी उघडली, सेल काढले आणि खिशात टाकले. "आता त्रास देणार नाही, आईसाहेब."

पट्टा मात्र आवळलेलाच होता.

तो आता लाटांसारखा येत होता. घट्ट, अजून घट्ट, मग जरा सैल, मग पुन्हा. सुभद्राबाईंनी ओठ मिटून घेतले. आपण मोजतो आहोत हे त्यांना कळलं, आणि त्यांनी मोजणं सोडून दिलं. त्यांनी उजवा हात पट्ट्यावर ठेवला.

हाताला पट्ट्याचं कापड लागलं नाही.

बोटं लागली. बारीक, कोवळी, घामानं ओली बोटं, आणि त्यांच्या मागं काचेच्या बांगड्यांचा गार स्पर्श. सुभद्राबाईंनी खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर किंचाळल्या असत्या आणि हात झटकला असता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अंगावर काटा होता. पण हात त्यांनी काढला नाही. उलट त्या बोटांवर दाबून धरला.

"आहे मी," त्या पुटपुटल्या. "धरा."

"काही म्हणालात का?" वीरेंद्रनं विचारलं.

"काही नाही रे राजा."

मग एकाएकी पकड सुटली. दंड मोकळा झाला, आणि त्या मोकळेपणानं सुभद्राबाईंच्या काळजाचं पाणी झालं. का सोडलं? कुणाला सोडलं? आत कसलाच आवाज नव्हता. त्या उठल्या.

आणि आतून टाहो फुटला. बारीक, चिडका, सगळ्या जगाला जाब विचारणारा टाहो.

माधवी रडायला लागली. डॉक्टरीणबाई दार उघडून आल्या आणि तोंडावरचा मास्क खाली करून म्हणाल्या, "दोनों ठीक हैं. बेटी है. और माँ पूछ रही है, बाफले बचे हैं क्या."

त्यावर सगळे हसले की रडले हे कुणालाच सांगता आलं नसतं. यशवंतराव खिडकीतून वळले आणि भर व्हरांड्यात, सगळ्यांदेखत, त्यांनी सुभद्राबाईंचा हात हातात घेतला. लग्नानंतर असं त्यांनी पहिल्यांदाच केलं. सुभद्राबाईंना वाटलं, आता मेलं तरी चालेल, आणि लगेच वाटलं, छे, आता कसलं मरायचं, आता तर कामं पडली आहेत.

थोड्या वेळानं नर्सनं पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं बाळ आणलं. "पहले कौन लेगा?"

"आईसाहेब," वीरेंद्र म्हणाला.

सुभद्राबाईंनी पोरीला छातीशी घेतलं. मूठभर जीव, लालबुंद, डोळे घट्ट मिटून रडत होता. कापडातून एक हात बाहेर आला होता, मऊ पोळीच्या गोळ्यासारखा. सगळे वाकून नाक कुणाचं, कपाळ कुणाचं यावर भांडू लागले.

आणि सुभद्राबाईंनी पाहिलं. बाळाच्या त्या उघड्या दंडावर, जिथं कुणाचाही हात नव्हता, कातडी हलकेच दबली. एकाशेजारी एक चार खळगे, आणि आतल्या बाजूला पाचवा. बाळ रडायचं थांबलं. त्यानं डोळे उघडले आणि सुभद्राबाईंच्या खांद्यामागं, थोडं वर, एकटक पाहू लागलं.

सुभद्राबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. त्यांनी बाळाला जरासं त्या बाजूला कलतं केलं, म्हणजे नीट दिसावं, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "जरा अलगद धरा हं, बाई. अजून फार कोवळी आहे."